एक बूट तुहा, एक बूट माहा

काका,

पंधरा दिवसाआधी, तुमी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मले माईकवर बोलावलं. ते सूत्रसंचालन करणारे गुरुजी म्हणाले, "आता तायडे साहेबांचे लाडके आणि आपल्या पोलीस खात्याचे कलाकार..." आन् समोर पेंगत बसलेले लोकं सरळ झाले. त्यायले वाटलं, हा आता काही तरी काढते. एखादा पुढारी, एखादा कंडक्टर. तुमचे साडू तं मोबाईल उभा धरून शूटिंगले तयार.

आन् माह्या तोंडातून आवाजच निघाला नाही. कोणाचाच नाही. माहा सोताचा बी नाही. "काका लय चांगले माणूस होते," येवढं बोल्लो आन् खाली उतरलो. लय चांगले माणूस! येवढं तं तुमच्या गल्लीतला इस्त्रीवाला बी बोलून गेला, आन् तो माह्यापेक्षा दोन मिनिट जास्त बोल्ला.

म्हणून हे कागदावर. कागदाचं कोणी शूटिंग करत नाही.

तुमी माह्यावर पहिल्यांदा हसले ते आठवते का? बुलडाण्याले मुख्यालयातला तो हॉल, पंख्याचा आवाज भाषणापेक्षा मोठा. खात्यानं "सोबती" नावाचं काम नवीनच काढलं होतं. पोलिसाले जे पाहा लागते, रस्त्यावरचा अपघात, विहिरीतून काढलेलं माणूस, ते पाहून तो वापस आला की त्याच्याजवळ बसाले कोणी तरी पाह्यजे. आन् ते बसणं शिकवाले तीन दिवसाचं ट्रेनिंग. चिखलीकडचे एक कीर्तनकार महाराज होते, दवाखान्यातली एक सिस्टर होती, चार-पाच हवालदार, तुमी आन् मी. तुमी पोलिसातून रिटायर होऊन वरीस झालं होतं, तरी सोताहून अर्ज करून आल्ते. मी काही अर्ज केला नव्हता. ठाण्यात ठाणेदार साहेबांचा आवाज काढून राह्यलो होतो, साहेब मागं येऊन उभे राह्यले, आन् दुसऱ्या दिवशी यादीत माहं नाव.

शिकवाले आलेल्या मॅडमनं जोड्या लावल्या. म्हणे, पाच मिनिट समोरच्याचं ऐका, मधात बोलू नका. महाराजांनी दीड मिनिट काढलं. मंग त्यायचा उजवा हात आपोआप वर गेला आन् त्यायनं समोरच्या हवालदाराले चौऱ्याऐंशी लक्ष योनीपासून धरलं. हवालदार बिचारा सावधान होऊन ऐकून राह्यला. मी महाराजांवर हसून राह्यलो, तं मॅडमनं घड्याळ पाह्यलं आन् मले म्हटलं, "तुम्ही चाळीस सेकंदच टिकलात."

तवा तुमी हसले. तोंडावर रुमाल धरून, खांदे हालवत. आन् म्हणाले, "लेका टेप, तुले गप्प बसता येत नाही हा काही गुन्हा नाही. पण ह्या कामात अडचण आहे."

ठाण्यात मले टेप म्हणतात हे तुमाले पहिल्याच दिवशी कोणं सांगतलं, ते मले अजून समजलं नाही.

दुपारी खोटंखोटं करून दाखवाचं होतं. मी झालो अपघातावरून आलेला शिपाई, तुमी माहे सोबती. संग्रामपूरच्या शाळेत हेडमास्तरापासून घंटा वाजवणाऱ्या मामापर्यंत सगळ्यायचे आवाज काढलेला माणूस मी. मले काय अवघड? मान खाली, हात थरथर, आवाज फाटका. सिस्टर तं डोळे पुसाले लागली. तुमी खुर्ची उचलली आन् माह्यासमोर न ठेवता बाजूले ठेवली. माह्या पायाकडं पाह्यलं.

"किती नंबर? आठ?"

मॅडम म्हणाल्या, "तायडे साहेब, हा प्रश्न आपल्या कागदावर नाही."

"नाही ना मॅडम. पण याच्या बुटाले माती आहे."

मंग तुमी पिशवीतून तो बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. दोन ब्रश, पॉलिशची डबी, जुन्या खाकी पँटीचं फडकं. माहे दोन्ही बूट काढाले लावले. एक माह्या हातात देल्ला, एक सोता मांडीवर घेतला. "एक बूट तुहा, एक बूट माहा," येवढं बोल्ले आन् ब्रश माराले लागले. बस. पुढं काहीच नाही.

काका, हे मी तुमाले कधी सांगतलं नाही. दोन मिनिटानं माही ॲक्टिंग बंद झाल्ती. मी जे बोलाले लागलो ते माहंच होतं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात विहिरीतून एक आजोबा काढले होते. त्यायचं धोतर सरळ करता करता मले हसू आलं. भीतीनं आलं, पण आलं. मोठ्यानं. आन् त्यायचा पोरगा समोर उभा होता. त्यानं मले पाह्यलं. ते मी तिथी, त्या हॉलमधी, बूट घासत सांगून देल्लं. सगळ्यायले वाटलं, काय पोट्टं आहे, काय नाटक करते! टाळ्या पडल्या. तुमी टाळी वाजवली नाही. "हं," म्हणाले, आन् माह्या बुटाले अजून एक बोट पॉलिश लावलं.

तुमाले समजलं होतं ना?

मंग दोन वर्सं आपण फिरलो. खामगाव, संग्रामपूर, पार घाटाखाली. माह्या गाडीवर मागं तुमी, मांडीवर डबा. जिथी काही वंगाळ झालं तिथल्या ठाण्याच्या मागच्या पायरीवर तुमी त्या माणसाच्या बाजूले बसाचे. मी म्हटलं, समोर काऊन नाही बसत? तं म्हणाले, "समोर बसलं की पोलीस जबाब देते. बाजूले बसलं की बोलते." आन् दुसरं एक तुमचं ठरलेलं. पायरीवर जे बोलल्या गेलं ते पायरीवरच. साहेबाले नाही, बायकोले नाही, तुमच्यासोबतच्या मले बी नाही. मी गाडीजवळ उभा राहून दोन बुटाची चमक पाहाचो आन् अंदाज लावाचो, आज माणूस किती बोल्ला असीन.

एकदा जलंबच्या स्टेशनवर चहा पेता पेता तुमी सांगतलं, घरात पहिले बूट तुमी आणले. भरती झाले तवा. तुमच्या बाबानं, ज्यायले वरच्या आळीतून जाताना चपला हातात घ्या लागत, ते बूट हातात घेऊन उलटे केले, तळ पाह्यला, वास घेतला आन् आईले म्हटलं, "हे घरात ठेव, बाहीर नोको." आन् तुमी रोज सकाळी अंगणात बसून पॉलिश कराचे, साऱ्या गल्लीले दिसावं म्हणून. हे सांगताना तुमी जरासे लाजले बी होते.

हे मले माहीत होतं, काका. माहीत असून मी पुढं जे बोल्लो ते बोल्लो.

परतीच्या रस्त्यानं तुमचं एकच राहे. "काढ." मंग मी गाडी चालवत काढाचो. एसटीचा कंडक्टर, महाराज, मॅडम. तुमी मागं हसून हसून माहा शर्ट ओढाचे. एकदा म्हणाले, "साऱ्या जगाचे काढतो, माहा काऊन नाही काढत बे?"

"तुमी बोलता कुठी? हं, हं! त्याचा काय आयटम होते?"

"हं," तुमी म्हणाले. मी रस्त्याच्या कडीले गाडी थांबवून हसलो.

आता सुनीलचं. सुनील त्याचं खरं नाव नाही. लिहू का म्हणून विचारलं तं म्हणे, लिही, पण नाव जरा हिरोसारखं ठेव. मले सुनीलच सुचलं.

मागच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर एका मोटरसायकलचा अपघात झाला. एकटाच पोरगा होता, सव्वीस-सत्तावीसचा, वाचला नाही. सुनील तिथी पहिला पोचला आन् ॲम्ब्युलन्स येईपर्यंत एकटा त्याच्याजवळ बसून होता. तुमी दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत पायरीवर बसले. दीड तास. तवा मी गाडीजवळून पाह्यलं, एकच बूट चमकून राह्यला होता, तुमचा. त्याच्या हातात ब्रश तसाच.

आठवड्यानं मी ठाण्यात एकटाच गेलो. सुनील कोपऱ्यात बसून होता, जेवणाचा डबा न उघडता. मले वाटलं, काकाचं बूट-पॉलिश चाललं नाही, आता आपण पाहू. मी माहा सगळ्यात चालणारा आयटम काढला. हवालदार बायकोचा फोन घेते तो. तुमाले बी आवडे. ठाण्यात आरामात पाय लांबवून बसलाय आन् फोनवर म्हणते, "हाव, आलोच! अवं आलोच ना! चौकातच आहो! आलोच समज!" दहा प्रकारचे "आलोच" आहेत माह्याजवळ. सारं ठाणं लोळलं. सुनील बी हसला. हसला म्हंजे काय, पोट धरून हसला, डोळ्यातून पाणी, थांबेच ना. खुर्चीवरून उठून मोरीकडं गेला आन् तिथून बी हसण्याचा आवाज. मी छाती फुगवून तुमाले फोन केला. "काका, हसला! पोट्टं मोकळं झालं!"

तुमी विचारलं, कोणता आयटम, ते मी सांगतलं. मंग म्हणाले, "तो आयटम त्याच्यासमोर पुन्हा नोको करू."

"काऊन?"

"नोको करू म्हणतो ना."

दुसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. तुमी अंगणात डबा साफ करत होते. मी विचारलं, काय चुकलं माहं? तुमी म्हटलं, सांगता येत नाही. मी म्हटलं, दीड तास तुमी ब्रश मारला, तो बोल्ला नाही, मी दहा मिनिटात हसवला, ते तुमाले सहन नाही झालं. तुमी म्हटलं, "हसवणं वाईट नाही, टेप. पण आधी पाहा लागते, खाली काय आहे." मी म्हटलं, काय आहे सांगा ना मंग. तुमी नाही म्हणून मान हालवली.

आन् मी बोल्लो. "लोकायचे बूट पुसाचीच हौस होती तं रिटायर झाल्यावर चौकात बसाचं होतं."

तुमचा हात थांबला. मले वाटलं होतं का मी टोमणा मारून राह्यलो. तोंडातून बाहीर पडल्यावर समजलं त्यात काय काय होतं. तुमचे बाबा होते त्यात. तो उलटा करून पाह्यलेला बूट होता. आन् मी अशा घरातला, जिथल्या कोणालेच कधी चपला हातात घेऊन चाला लागलं नाही. तुमाले माह्याआधी समजलं. तुमी वर पाह्यलं नाही. ब्रशचे केस फडक्यानं पुसले आन् काकूले आवाज देल्ला, "टेपले चहा दे वं."

मी चहा न पेता निघून गेलो. काका, तेवढा चहा तरी प्या लागत होता.

मंग चार महिने. तुमी महाराजांजवळ निरोप पाठवला, टेपले म्हणा डबा जड होऊन राह्यला, उचलाले कोणी नाही. महाराजांनी तो निरोप मले अर्ध्या तासाचा करून सांगतला, तरी मी आलो नाही. एक दिवस तुमचा फोन आला. स्क्रीनवर तुमचं नाव मी पाह्यत राह्यलो, वाजून वाजून बंद झाला. मले वाटलं, दिवाळीले जाऊ, पायावर डोकं ठेवू, थोडं नाटक करू, तुमी हसाल, झालं. माहं सगळं असंच ठरलेलं राह्यते, शेवटी हसणं. तुमी दिवाळीच्या आधीच गेले.

त्या दिवशी कार्यक्रम झाल्यावर मी मांडवाच्या मागं तोंड लपवून बसलो होतो. काकू आल्या. हातात डबा.

"घे," म्हणाल्या.

"काका म्हणाले होते का, मले द्या म्हणून?"

"नाही. ते कशाले म्हणतात? मले घरात त्या पॉलिशचा वास सहन होत नाही, म्हणून देऊन राह्यली." मंग पदरानं नाक पुसलं आन् म्हटलं, "तू आला नाही तरी ते दर रविवारी दुसरा ब्रश बी धुवून ठेवत होते. मी म्हटलं, कोणासाठी? तं म्हणे, हं."

मी डबा घेऊन तुमच्या घराच्या मागच्या पायरीवर बसलो. तेवढ्यात सुनील आला, बंदोबस्तावरून सरळ, वर्दीतच, बूट धुळीनं पांढरे. मले वाटलं, हा आता सांत्वन करते. पण तो बाजूले बसला. समोर नाही, बाजूले. बूट काढले. एक माह्या मांडीवर ठेवला, एक सोता घेतला. आन् डबा उघडला.

पाच मिनिट नुसता ब्रशचा आवाज. चाळीस सेकंदाच्या पुढं मी आयुष्यात पहिल्यांदा गेलो, काका.

मंग तो बोल्ला. अपघातातल्या त्या पोराच्या खिशात फोन वाजला होता. स्क्रीनवर आई. सुनीलनं तो उचलला. तिकडून बाई म्हणे, "कुठी आहे रे बाप्पा? पोळ्या थंड्या होऊन राह्यल्या." आन् सुनीलच्या तोंडातून निघालं, "आलोच." फोन कट.

तवा मले समजलं मी काय केलं होतं. त्याच्यासमोर. दहा प्रकारानं.

मी काही बोलाले तोंड उघडलं तं तो म्हणे, "राहू दे. तुले माहीत नव्हतं. मी काकाले शपथ घातली होती. तुहं नाव घेऊन घातली होती. टेपले सांगसान तं ते साऱ्या जिल्ह्याले समजते, असं म्हटलं."

मी खाली पाहून ब्रश मारत राह्यलो.

तुमी त्याले त्या आईच्या गावी घेऊन गेले म्हणे, एसटीनं. मी नव्हतो ना गाडी चालवाले. दोन वेळा तो गावाच्या पाटीपासून वापस फिरला, आन् दोन्ही वेळा तुमी काहीच न बोलता त्याच्यासोबत वापस आले. तिसऱ्या वेळी तो दारापर्यंत गेला. त्यानं त्या आईले सांगतलं, तो मी बोल्लो होतो. खोटं बोल्लो. बाईनं त्याले ओट्यावर बसाले सांगतलं. मंग म्हणाली, "म्हण बरं पुन्हा."

"मले नाही होणार, मावशी."

"म्हण."

तो म्हणाला, "आलोच." बाईनं डोळे मिटून ऐकलं.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली, "हा माहा नाही. आईले समजत नाही का आवाज? पण कोणी तरी त्याच्याजवळ बसेल आहे, येवढं समजलं. एकटा नव्हता ना तो?"

सुनीलनं मान हालवली. एकटा नव्हता.

येवढं सांगून तो थांबला. त्याचा ब्रश बी थांबला. काका, माह्याजवळ त्या वेळी बोलाले काय काय होतं! माफी होती, सारवासारव होती, एक फालतू जोक बी जिभेच्या टोकावर येऊन बसला होता, सवयीनं. मी ते सारं गिळलं. पॉलिशच्या डबीत बोट बुडवलं, त्याच्या बुटाच्या नाकावर लावलं, आन् माह्या तोंडातून निघालं,

"हं."

सुनीलनं झटकन वर पाह्यलं. मांडवात तुमचा फोटो होता तिकडं पाह्यलं, मंग माह्याकडं. हसला नाही. त्याचा ब्रश पुन्हा चालू झाला आन् तो अजून बोलाले लागला. काय बोल्ला ते तुमाले बी सांगणार नाही. पायरीवरचं आहे.

माह्या हातचा बूट काही तुमच्यासारखा चमकला नाही. कडीले पांढरं राह्यलं. सुनील म्हणे, उद्या परेडले लोक विचारतीन, एकच का चमकवला. मी म्हटलं, सांग, दुसरा टेपनं केला.

आता डबा माह्याजवळ आहे. दुसरा ब्रश मी बी रविवारी धुतो. चौकात बसाचं होतं, असं मी तुमाले म्हटलं होतं. मी बसतो आता, काका. सोमवारी खामगावच्या ठाण्यात बसलो, तिथल्या पायरीवर, लोक येऊन जाऊन पाह्यत होते. लाज वाटंल म्हटलं, तं वाटली नाही.

आन् तुमचा आवाज जमला मले. एकदम बरोबर जमला. तुमी मागच्या सीटवर असते तं शर्ट ओढला असता. पण हा आयटम असा आहे का, कोणाले करून दाखवता येत नाही.

तुमचा,
टेप